फर्मान, फर्माईश आणि 'आपली आवड' : रायपूर परिसरातील रेडिओश्रोत्यांच्या रसिकतेचा एक विचार

१.

छत्तीसगढातील रेडिओश्रोते २० ऑगस्ट हा दिवस 'श्रोता दिवस' म्हणून पाळतात. या दिवसाच्या निमित्ताने रायपूर येथे श्रोत्यांची संमेलने भरत आली आहेत. गायकांचे, वादकांचे, निवेदकांचे सत्कार सर्वत्रच होतात. परंतु केवळ ऐकणाऱ्यांनी, ऐकणारे म्हणून, एकमेकांना भेटण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक व्यवहारात विरळाच म्हणावी लागेल. या दिवसाच्या निवडीमागील संदर्भ १९२१ सालचा आहे. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'ने डाक-तार खात्याच्या सहकार्याने मुंबईतील आपल्या इमारतीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून तो योजला गेला आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. मुंबईत नियमित नभोवाणी केंद्र सुरू झाले ते त्यानंतर, १९२७ मध्ये.

या घटनेकडे बारकाईने पाहिल्यास एक विसंगती लक्षात येते. श्रोत्यांनी आपला म्हणून निवडलेला हा दिवस वस्तुतः एका राज्यकर्त्याच्या फर्माइशीचा दिवस आहे. ऐकणारा एक, त्याच्यासाठी राबणारी यंत्रणा सरकारी खात्याची आणि एका मोठ्या वृत्तपत्राची. आणि ज्याची विनंती नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही असा तो ऐकणारा. पुढील अर्धशतकात मात्र याच माध्यमातून भाटापारा, राजनांदगाव, रायपूर येथील सामान्य माणसे पोस्टकार्डावर आपले नाव लिहून गाणे मागू लागली. आणि ते गाणे स्वतःपुरते न मागता इतरांसह व इतरांसाठी मागू लागली. गव्हर्नरच्या फर्माइशीपासून पोस्टकार्डावरील फर्माइशीपर्यंतचे हे स्थित्यंतर केवळ माध्यमाच्या इतिहासात जमा करून भागत नाही. आवडलेली कलाकृती दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे ही समीक्षेची मूळ प्रेरणा मानली, तर फर्माईश हा समीक्षेचाच एक अतिसंक्षिप्त प्रकार ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनासाठी रायपूर आणि त्याचा परिसर हे क्षेत्र घेतले आहे. या परिसरात हिंदी चित्रपटगीत, छत्तीसगढी लोकगीत आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर संस्कार करणारे नाट्यगीत-भावगीत, असे तीन प्रवाह एकमेकांशेजारून वाहत आले आहेत.

२.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'फर्माईश' हा शब्द फारसीतून आला. आज्ञा करणे या अर्थाच्या ज्या धातूपासून 'फर्मान' सिद्ध होतो, त्याच धातूपासून 'फर्माईश'ही. दोहोंमध्ये सांगणाऱ्याचे वरचेपण गृहीत आहे. दरबारी महफिलीत फर्माईश करणारा आश्रयदाता असे, आणि ती पूर्ण करणे हे कलावंताच्या चाकरीचे अंग असे. तबलावादनातील 'फर्माइशी चक्रदार' या रचनाप्रकाराच्या नावात ही जुनी खूण आजही शिल्लक आहे. असे असूनही फर्माइशीला निव्वळ हुकूम म्हणता येत नाही. हुकूम करणाऱ्याला कलेची जाण असावी लागत नाही. फर्माईश करणाऱ्याला मात्र काय मागावे हे ठाऊक असावे लागते. अमुक रागाची, अमुक चिजेची मागणी करताना मागणाऱ्याचीही परीक्षा होत असते. या अर्थी फर्माइशीत सत्ता आणि रसिकता यांची गाठ पडलेली आहे.

हिंदी नभोवाणीने या शब्दाला सौम्य केले. विविध भारतीच्या 'आपकी फरमाइश', 'मन चाहे गीत' यांसारख्या कार्यक्रमांच्या नावांतून आज्ञेचा अंश मावळत जाऊन इच्छेचा अंश पुढे येताना दिसतो. सैनिकांसाठी असलेल्या 'जयमाला'ने तर मागणीलाच सन्मानाचे रूप दिले. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांनी मात्र 'आपली आवड' हे वेगळेच नाव रूढ केले, आणि तुलनेच्या दृष्टीने ते विशेष विचारार्ह आहे. मराठीत 'आपण' हे सर्वनाम दोन कामे करते. ते आदरार्थी द्वितीय पुरुषी आहे, म्हणजे 'तुमची' आवड; आणि ते ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषी अनेकवचनही आहे, म्हणजे 'तुमची-आमची' आवड. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठी काटेकोरपणे पाळते. गुजरातीत आणि द्राविडी भाषांत त्याला समांतर भेद आढळतो. प्रमाण हिंदीतील 'हम' मात्र तो दाखवीत नाही, आणि हिंदीतील 'आप' समोरच्या व्यक्तीपुरताच राहतो. त्यामुळे 'आपकी पसंद' हे निवेदकाने श्रोत्याला उद्देशून म्हटलेले वाक्य होते, तर 'आपली आवड' हे श्रोत्याने दुसऱ्या श्रोत्याला म्हटलेले वाक्यही होऊ शकते. त्यातच 'आवड' या शब्दाला संतवाङ्मयातील 'आवडी'ची जोड आहे. तेथे ती निव्वळ पसंती नसते. ती ओढ असते, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

नामकरण करणाऱ्यांच्या मनात हा श्लेष होता की नव्हता, हा प्रश्न येथे गौण आहे. भाषेने तो उपलब्ध करून दिला, आणि फर्माइशीच्या व्यवहाराचे खरे स्वरूप त्या श्लेषातच अचूक पकडले गेले आहे. रायपूरच्या मराठी भाषिकाच्या घरात 'फरमाइश', 'पसंद' आणि 'आवड' हे तिन्ही शब्द वावरतात. सत्ता, निवड आणि ओढ या तिन्ही छटांनी तो ऐकण्याकडे पाहू शकतो, हे त्याच्या द्वैभाषिक जगण्याचे एक लक्षणीय फलित मानावे लागेल.

३.

नभोवाणीपूर्वीही मराठी प्रदेशात श्रोत्याला आपली आवड जाहीर करण्याच्या रीती होत्या. त्यांपैकी दोहोंचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. पहिली रीत संगीत रंगभूमीवरील 'वन्स मोअर'ची. बालगंधर्वांच्या काळात तिने नाटकाच्या प्रयोगाची लांबी ठरविली, असे म्हटले तरी चालेल. 'वन्स मोअर' ही नुकत्याच ऐकलेल्या पदाची फर्माईश असते. पद प्रथम ऐकताना ते नवे असते आणि पुन्हा ऐकताना आवडते झालेले असते. नव्याचे आवडत्यात होणारे रूपांतर प्रेक्षागृहात सर्वांदेखत घडते. मात्र ही मागणी अनामिक असते. टाळ्यांच्या गजरात कोणाचा आवाज कोणता हे ओळखता येत नाही, आणि ओळखण्याची गरजही नसते.

दुसरी रीत तमाशा आणि संगीतबारीतील दौलतजादा. तेथे फर्माईश करणारा पैसे देतो, आणि त्याचे नाव, गाव व रक्कम यांचा पुकारा होतो. येथे अनामिकता पूर्णपणे संपते. नाव हेच त्या व्यवहाराचे केंद्र बनते, परंतु ते नाव पैशाच्या आधाराने उभे राहिलेले असते. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला आवड असली तरी नाव नाही. शिवाय लावणी गाणाऱ्या स्त्रीच्या श्रमावर आणि देहावर पडणारी त्या मागणीची सावली दृष्टीआड करून या रीतीचे वर्णन करणे योग्य होणार नाही.

नभोवाणीवरील फर्माईश या दोन्ही रीतींच्या मधोमध उभी राहिली. 'वन्स मोअर'प्रमाणे ती सामुदायिक आहे आणि दौलतजाद्याप्रमाणे तिच्यात नावाचा पुकारा आहे. पण त्या पुकाऱ्याची किंमत एका पोस्टकार्डाइतकीच. गायक समोर नाही, त्यामुळे त्याच्यावर हुकमत नाही. गाणे तबकडीवर आधीच मुद्रित झालेले आहे, त्यामुळे ते बदलता येत नाही. मग मागणाऱ्याच्या हाती उरते काय? ते गाणे कोणाच्या नावांच्या सोबतीने हवेत सोडावयाचे, एवढेच. या 'एवढेच'मध्ये फर्माइशीचे सारे काव्यशास्त्र सामावलेले आहे.

४.

फर्माइशीच्या पोस्टकार्डाकडे एक संहिता म्हणून पाहू. गाण्याचे नाव, चित्रपटाचे नाव, गायकांची नावे. आणि त्यानंतर मागणाऱ्यांच्या नावांची माळ. मित्र, भावंडे, आईवडील, शेजारी, 'आणि त्यांचे सर्व साथी'. शेवटी गावाचे नाव. गाणे का आवडले याविषयी एक शब्दही नाही. पोस्टकार्ड हे उघडे पत्र असल्याने त्यात गुपितही नाही. प्रथमदर्शनी ही संहिता अत्यंत दरिद्री वाटते. परंतु निवेदक ती वाचतो तेव्हा तिचा क्रम उलटतो: आधी गाव, मग नावे, आणि सर्वांत शेवटी गाणे. नावे ही गाण्याची प्रस्तावना होतात. ऐकणारा गाण्यापूर्वीच जाणतो, की कोठेतरी काही माणसे या क्षणी कान देऊन बसली आहेत आणि आता जे वाजणार आहे ते त्यांच्या जिव्हाळ्याचे आहे.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितलेले 'अवधान' येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. तेथे वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो. फर्माइशीत एक श्रोता दुसऱ्या श्रोत्यांकडे ते मागतो, आणि स्वतःच्या नावाखेरीज कोणताही युक्तिवाद पुढे करीत नाही.

भाटापारा हे गाव या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रायपूर आणि बिलासपूर यांच्या दरम्यान हावडा-मुंबई लोहमार्गावरील भातगिरण्यांचे हे गाव. रेडिओ सिलोनच्या आणि पुढे विविध भारतीच्या श्रोत्यांनी या गावाचे नाव फर्माइशींच्या ओघात वारंवार ऐकले. झारखंडातील कोडरमानजीकचे, अभ्रकाच्या व्यापाराचे झुमरी तलैया तर याच कारणाने देशभर दंतकथेसारखे झाले. असे गाव खरोखर आहे की नाही, अशी शंका अनेकांना येत असे. राजनांदगावचे नावही याच मालिकेतले. या गावांना वाङ्मयाच्या किंवा राजकारणाच्या नकाशावर जे स्थान मिळाले नव्हते, ते ऐकण्याच्या नकाशावर मिळाले. तेथील श्रोत्यांनी गाणी शोधली आणि इतर श्रोत्यांनी गाण्यांच्या निमित्ताने ती गावे शोधली.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये 'कल्पित समुदाया'ची जी मांडणी केली, तिच्यात वृत्तपत्राचा वाचक मध्यवर्ती आहे. आपण वाचतो तेच त्याच सकाळी हजारो अपरिचित लोक वाचीत आहेत, या जाणिवेतून राष्ट्राची कल्पना घडते, असे त्यांचे म्हणणे. फर्माइशीचा श्रोता या मांडणीत पूर्णपणे बसत नाही. त्याचे सहश्रोते अपरिचित असतात हे खरे, पण ते अनामिक नसतात. त्यांची नावे त्याने ऐकलेली असतात. कधी कधी वर्षानुवर्षे ऐकलेली असतात. चेहरा ठाऊक नाही पण आवड ठाऊक आहे, असा एक मधला संबंध येथे निर्माण होतो. रायपूर येथील श्रोता संमेलनांचा अर्थ या पार्श्वभूमीवर उलगडतो. केवळ नावाने ठाऊक असलेली माणसे तेथे परस्परांना पाहतात. कल्पित समुदायाला आपले कल्पितपण ओलांडण्याची इच्छा व्हावी, याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

५.

येथे एक आक्षेप संभवतो. जे आधी ऐकले आहे तेच मागता येते. मग फर्माईश नव्याचा शोध कसा घेऊ शकेल? ती तर परिचिताचीच पुनरावृत्ती होय. आक्षेप वजनदार आहे आणि त्याचा प्रतिवाद करण्यापूर्वी 'नवे' म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

नभोवाणीने नवे संगीत देण्याची एक रीत फर्माइशीहून अगदी वेगळी होती. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये 'गीतरामायण' प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, सीताकांत लाड यांची योजना. आणि आठवड्यागणिक एक याप्रमाणे ५६ गीते. कोणीही मागितलेले नसताना आलेले हे नवे होते, आणि घरोघरी ते एकत्र बसून ऐकले गेले. नव्याचा उगम येथे निर्मात्याकडे आहे व श्रोता त्याची वाट पाहणारा आहे.

फर्माइशीतील नवेपणाचा उगम मात्र ऐकणाऱ्यात असतो. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना येथे उपयुक्त ठरते. कृतीचे नवेपण तिच्या जन्मतारखेवरून ठरत नाही. ती ज्या क्षितिजावर उगवते त्यावरून ठरते. मागणाऱ्याला जुने असलेले गाणे त्याच क्षणी दुसऱ्या गावच्या एखाद्या ऐकणाऱ्याला सर्वस्वी नवे असते. फर्माईश करणारा आपले जुने दुसऱ्याच्या हाती नवे म्हणून ठेवतो. तबकड्या आणि तबकडीयंत्रे सामान्य घरांच्या आवाक्याबाहेर होती त्या काळात बहुसंख्य श्रोत्यांना नवी गाणी अशीच, इतरांच्या आवडीच्या मार्गाने भेटली.

छत्तीसगढी गीताच्या बाबतीत ही प्रक्रिया अधिक स्पष्ट होते. रायपूरचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी, १९५६ पर्यंत, रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि नागपूरच्या केंद्राने १९४८ पासून मराठी व हिंदी या दोन्ही भाषांना जागा दिली होती. नव्या केंद्रामुळे छत्तीसगढीला प्रथमच आपल्याच भूमीवरून प्रक्षेपित होण्याची संधी मिळाली. १९६५ मध्ये मनु नायक यांचा 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट आला; महंमद रफी यांच्या आवाजात छत्तीसगढी शब्द ऐकणे हा त्या भाषेच्या भाषकांसाठी निश्चितच अपूर्व अनुभव होता. 'निरोप सांगशील' असा अर्थ असलेले त्याचे शीर्षक फर्माइशीच्या व्यवहारालाही लागू पडावे, हा सुखद योगायोग. १९७१ मध्ये दुर्गजवळील बघेरा येथे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 'चंदैनी गोंदा' ही सांगीतिक प्रस्तुती उभी केली. खुमानलाल साव यांचे संगीत आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते यांनी लोकधुनीला नवे रूप दिले. ज्या धुनी शेतात आणि अंगणात जुन्याच होत्या, त्या रंगमंचावरून व नभोवाणीवरून नव्या होऊन परत आल्या. रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांनी १९७५ च्या 'चरनदास चोर'मध्ये आणि आपल्या एकूण रंगकार्यात छत्तीसगढी गीत-नृत्याला जे स्थान दिले, त्यामागेही जुन्याला नव्या क्षितिजावर नेण्याचीच दृष्टी होती.

या मालिकेतील शेवटचे उदाहरण उलट दिशेचे आहे. 'सास गारी देवे' हे छत्तीसगढी गीत रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजात या परिसरात दीर्घकाळ परिचित होते. २००९ मध्ये 'दिल्ली-६' या चित्रपटात ए. आर. रहमान यांच्या संगीतातून ते 'ससुराल गेंदा फूल' या रूपाने देशापुढे आले. देशाला ते नवे वाटले, रायपूरच्या कानाला ते जुने होते. आपले गाणे दूरवर पोहोचल्याचा आनंद त्यात होताच. पण फर्माइशीत जी गोष्ट कधीही गळत नाही ती येथे गळाली: गाणे कोणाकडून आले, कोणत्या गावातून आले, हे ऐकणाऱ्याला गाण्याबरोबर कळले नाही. नव्याचा प्रसार आणि नव्याचे दान यांतील अंतर या उदाहरणात स्पष्ट दिसते. प्रसारात वस्तू पोहोचते. दानात देणाऱ्याचे नावही पोहोचते.

६.

आता फर्माईश आणि समीक्षा यांच्या नात्याकडे वळू. या परिसरातच समीक्षेचा एक महत्त्वाचा आरंभ झाला आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि त्यातून ग्रंथांची गंभीर समालोचना करण्याची प्रथा हिंदीत रुजविण्यास हातभार लावला. पुढे 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. सप्रे यांचे हे दुहेरी कार्य आपल्या विषयाला जवळचे आहे. समालोचक म्हणून ते कारणे देतात. अनुवादक म्हणून ते कारणे न देता कृतीच दुसऱ्या भाषेतील वाचकाच्या हाती ठेवतात. अनुवाद ही एका अर्थी सर्वांत मोठी शिफारस होय, कारण अनुवादकाने आपल्या आयुष्याचा काळ तिच्यामागे लावलेला असतो. फर्माईश ही त्याच कुळातील सर्वांत लहान शिफारस.

मराठी संगीतसमीक्षेने गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग'पासून वामनराव देशपांडे यांच्या १९६१ मधील 'घरंदाज गायकी'पर्यंत कारणे देणारी भक्कम परंपरा उभी केली. त्या परंपरेला रसिक हवा असतो तो व्यासंगी, तयार कानाचा. संस्कृत काव्यशास्त्रातील 'सहृदय' हाही असाच, अभ्यासाने मनाचा आरसा निर्मळ झालेला. फर्माइशीचा श्रोता हा अधिकार सांगत नाही. त्याच्यापाशी परिभाषा नाही, प्रतिपादन नाही. आणि तरीही दोन गोष्टी तो समीक्षकाइतक्याच निष्ठेने करतो: असंख्यांतून एकाची निवड करतो, आणि त्या निवडीखाली आपले नाव लिहितो. समीक्षेतील जबाबदारीचा भाग हाच नव्हे काय? कारणे पुढे येतात, बदलतात, खोडलीही जातात. निवड आणि स्वाक्षरी राहते.

याचा अर्थ फर्माइशीचे दोष झाकावेत असा नाही. तिने लोकप्रियाला अधिक लोकप्रिय केले. तीच ती गाणी पुन्हा पुन्हा मागितली गेली. अनेक चांगली गाणी कोणी मागितली नाहीत म्हणून विसरली गेली. नावांच्या माळेत घरातील स्त्रियांची नावे बहुधा पुरुषांच्या नावांमागून आली. अमीन सयानी यांनी 'बहनों और भाइयों' असा क्रम रूढ केला तो या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरतो. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, त्यामागे जनरुचीविषयी त्यांना वाटणारी चिंता होती. शास्त्रीय संगीताला नभोवाणीचा आधार मिळावा ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. परंतु रुची वरून घडविता येते, हा त्यांचा विश्वास श्रोत्यांनी खोटा ठरविला. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला, आणि १९५७ मध्ये विविध भारतीच्या रूपाने आकाशवाणीला त्याच्या मागे यावे लागले. १९२१ मध्ये गव्हर्नरची फर्माईश यंत्रणेने पाळली होती. १९५७ मध्ये यंत्रणेने श्रोत्यांची फर्माईश पाळली. 'फर्मान' आणि 'फर्माईश' या एकाच धातूच्या दोन शब्दांमधील अंतर या ३६ वर्षांत पार पडले, असे म्हणता येईल.

७.

याच काळात आवड मोजण्याची एक वेगळी रीतही उदयास आली. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'च्या पहिल्याच प्रसारणानंतर सुमारे ९,००० पत्रे आल्याचे अमीन सयानी सांगत असत. पुढे गाण्यांना क्रमांक देण्याची पद्धत आली. तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांची मतेही त्यासाठी विचारात घेतली जात. येथे श्रोता नावाऐवजी संख्येत रूपांतरित होतो. गाणे कोणत्या 'पायदाना'वर आहे हे कळते. ते तेथे कोणी नेले हे कळत नाही. फर्माईश आणि गीतमाला या दोन्ही एकाच श्रोत्याच्या दोन वृत्ती होत्या: एकीत तो सांगतो, दुसरीत तो मोजला जातो. श्रोता संघ ही संस्था या दोहोंना जोडणारी होती, कारण मत देण्यापूर्वी तेथे माणसे एकत्र येत.

आज संगीत ऐकविणाऱ्या ॲपवर नवे गाणे सुचविले जाते ते बहुतांशी गणिताच्या आधारे. हे गाणे ज्यांनी ऐकले त्यांनी तेही ऐकले, अशा जोडण्यांतून यंत्र आपल्यापुढे शिफारस ठेवते. वरवर पाहता ही शिफारस कोण्या माणसाची नाही. वस्तुतः ती असंख्य माणसांच्या ऐकण्यातूनच तयार झालेली असते. केवळ त्यांची नावे आणि गावे तिच्यातून वजा केलेली असतात. म्हणजे ही गीतमालेची वंशज आहे, पण श्रोता संघ गमावलेली. तिची अचूकता नाकारण्याचे कारण नाही. रायपूरमधील तरुण श्रोत्याला आज एका दिवसात जितके नवे संगीत भेटू शकते, तितके मागच्या पिढीला वर्षातही भेटत नसेल. प्रश्न विपुलतेचा नाही. 'तुम्हाला हे आवडेल' असे यंत्र म्हणते तेव्हा त्यात 'तुम्ही' असतो, 'आपण' नसतो. मराठीने ज्या दोन अर्थांना एका सर्वनामात बांधले, त्यांपैकी एक सुटून गेलेला असतो. ऐकणारा मनापासून दाद देऊ इच्छितो, तर ती कोणाला द्यावी हे त्याला कळत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक निकडीचे काम उभे राहते. अभिग्रहणाचा अभ्यास आपण आजवर मुख्यतः परीक्षणे, अनुवाद, आवृत्त्या आणि पाठ्यक्रम यांच्या आधारे केला. हे सारे लिहित्या वर्गाचे पुरावे आहेत. न लिहिणाऱ्या, किंवा पोस्टकार्डापुरतेच लिहिणाऱ्या श्रोत्याचे पुरावे वेगळ्या ठिकाणी आहेत: श्रोत्यांनी जपलेल्या वह्यांत, श्रोता संघांच्या नोंदींत, निवेदकांच्या आठवणींत आणि श्रोता संमेलनांत होणाऱ्या संभाषणांत. पोस्टकार्डे टिकण्यासाठी लिहिली जात नसत. ज्या पिढीने ती लिहिली ती आता वयोवृद्ध आहे, आणि अमीन सयानी यांच्या २०२४ मधील निधनानंतर ते युग साक्षीदारांकडून इतिहासाकडे वेगाने सरकत आहे.

या साधनांचे संकलन रायपूर, दुर्ग, राजनांदगाव व भाटापारा या पट्ट्यापासून सुरू करणे सोयीचे ठरेल. तेथील हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी ऐकणाऱ्यांनी कोणती गाणी मागितली, कोणाच्या नावांसह मागितली, मराठी कुटुंबांनी हिंदी गाणे मागताना आणि मराठी गाणे मागताना सोबतीची नावे बदलली काय, छत्तीसगढी गीत प्रथम कोणाच्या फर्माइशीने दुसऱ्या भाषेच्या घरात शिरले, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळू शकतील. नावांच्या या माळा क्रमवार लावल्या, तर एका बहुभाषिक प्रदेशाच्या रसिकतेचा इतिहास, कोणत्याही ग्रंथसूचीत न सापडणारा, हाती येण्याची शक्यता आहे. तो वाचताना समीक्षकाला आपली कारणे थोडा वेळ बाजूला ठेवून 'आणि त्यांचे सर्व साथी' या शब्दांपाशी थांबावे लागेल. ते साथी कोण होते, हे विचारण्यापासून हा अभ्यास सुरू व्हावा.